बोडो ग्लिम्ट: गार्डिओलाला धूळ चारणारे ते 'मासेमार'

निशाचर:

जानेवारी २०२६ मध्ये चॅम्पियन्स लीगला, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब फुटबॉल स्पर्धेत, मँचेस्टर सिटी नॉर्वेच्या बोडो ग्लिम्टकडून ३-१ ने हरल्यापासून प्रत्येक व्हॉट्सॅप ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, की नॉर्वेतल्या बर्फात गाडलेल्या कुठल्याशा खेड्यातल्या मासेमारांनी आणि शाळामास्तरांनी सिटीचा कोच गार्डिओलाला धूळ चारली, मनात आणलं तर माणूस काहीही करू शकतो, हात जोडलेली इमोजी, शुभ सकाळ. डोकं फिरतं राव. त्या टीममध्ये एकही मासेमार नाहीये. सगळे फुलटाइम पगारी प्लेयर आहेत, गेल्या सहा सीझनमध्ये चार वेळा नॉर्वेची लीग जिंकलीय, मागच्या वर्षी युरोपा लीगची (युरोपातली दुसऱ्या नंबरची स्पर्धा) सेमीफायनल खेळलेत. चमत्कार झाला म्हणून विषय मिटवला की यांनी खरंच जे केलंय ते कुणी बघतच नाही, म्हणून हा धागा.

आधी गाव. बोडो आर्क्टिक सर्कलच्या वर आहे, समुद्राकाठी, लोकसंख्या पन्नास हजारांच्या थोडी पुढे. ट्रोंडहाइमहून येणारी रेल्वे इथे संपते, पुढे लोफोटेन बेटांवर जायचं तर बोट. मे १९४० मध्ये जर्मन विमानांनी गावाचा बराचसा भाग बेचिराख केला त्यामुळे आज जे दिसतं ते बहुतेक युद्धानंतरचं बांधकाम. शीतयुद्धात इथे नाटोच्या कामाचा मोठा हवाई तळ होता, १९६० मध्ये सोव्हिएत रशियाने पाडलेलं अमेरिकेचं यू-२ हेरविमान पेशावरहून उडून बोडोलाच उतरणार होतं. हा हवाई तळ लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

क्लब १९१६ चा. आणि आता जे सांगतोय ते फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही. उत्तर नॉर्वेतल्या क्लब्जना देशाच्या कपमध्ये खेळायलाच १९६३ पर्यंत परवानगी नव्हती! दक्षिणेतल्या लोकांनी ठरवून टाकलेलं की वरच्यांचा दर्जा आपल्या बरोबरीचा नाही. मग हे लोक आपापसात उत्तर नॉर्वेचा वेगळा कप खेळत बसायचे, ग्लिम्टने तो नऊ वेळा जिंकला. लीगच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये उत्तरेतली पहिली टीम दिसली १९७२ मध्ये, ती नार्विकची म्योल्नेर.

बरं दार उघडलं तेही अर्धवट. दुसऱ्या डिव्हिजनचे तीन गट, दक्षिणेतले दोन गटविजेते थेट वर, पण उत्तरेतला गटविजेता मात्र दक्षिणेतल्या दोन्ही गटांच्या दुसऱ्या नंबरवाल्यांशी प्लेऑफ खेळणार, तो जिंकला तरच वर. ग्लिम्टने १९७४ ला आपला गट जिंकला, प्लेऑफमध्ये अडकले. १९७५ ला परत गट जिंकला, परत अडकले. आणि त्याच १९७५ मध्ये, दुसऱ्या डिव्हिजनमध्येच असताना, वार्डला २-० ने हरवून नॉर्वेचा कप घेऊन गेले. म्हणजे देशाचा कप जिंकलेली टीम वरच्या लीगमध्ये खेळण्याच्या लायकीची नाही! १९७६ ला एकदाचे वर आले आणि १९७७ ला पहिल्याच सीझनमध्ये लीगमध्ये दुसरे, कप फायनललाही हरले. दोन्हीकडे आडवी आली लिलेस्ट्रॉम.

पुढचं प्रतिसादांत लिहितो. कुणाला काही माहीत असेल तर भर घाला.

झंप्या:

वाचनखूण साठवली. जाता जाता, मॅच बघताना स्टँडमध्ये लोकांच्या हातात माणसाएवढे पिवळे टूथब्रश दिसले. मला वाटलं झोपेत आहे मी. काय भानगड आहे ही?

निशाचर:

@झंप्या झोपेत नव्हतास. सत्तरच्या दशकातलं आहे ते. चिअरिंग करणाऱ्या गँगच्या म्होरक्याने घोषणांचा ताल धरायला हातात टूथब्रश घेतला, लोकांना आवडलं, मग जॉर्डन नावाची नॉर्वेची टूथब्रश कंपनी स्पॉन्सर म्हणून आली आणि ब्रश मोठे मोठे होत गेले. क्लबचा रंग पिवळा म्हणून ब्रशही पिवळा.

खडूस काका:

इतिहास छान लिहिलाय, पण १९७५ चे खेळाडू आज आजोबा झालेत. त्याचा सिटीला हरवण्याशी संबंध काय? जगभर अन्याय झालेले शेकडो क्लब आहेत, ते काही चॅम्पियन्स लीगमध्ये पोचले नाहीत. पैसा कुठून आला ते सांगा. नॉर्वे म्हणजे तेल. कुणीतरी शेठ असणारच मागे.

ओस्लोकर:

काका, नॉर्वेत क्लब हे सभासदांचे असतात, बाहेरचा शेठ येऊन अख्खा क्लब विकत घेऊ शकत नाही. त्यामुळे तेलवाला शेठ ही थिअरी इथेच मोडली. स्पॉन्सर वगैरे आहेतच, पण मालक नाही.

उलट २०१० च्या आसपास बोडोची तिजोरी रिकामी झालेली, पगार थकलेले, दिवाळखोरी दाराशी. गावाने पैसे उभे करून क्लब तगवला. नंतर २०१६ ला परत खालच्या डिव्हिजनमध्ये गेले. म्हणजे २०१७ ला हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता, हे आमच्या ऑफिसातले नॉर्वेजियन लोक अजून विश्वास न बसल्यासारखं बोलतात. ब्रान किंवा वोलेरेंगा या दुसऱ्या क्लब्जचे चाहते जरा जास्तच.

पैसा आला तो नंतर, युरोपातून आणि प्लेयर विकून. सुरुवात पैशाने झाली नाही.

ट्रोंडहाइमची सून:

माझे सासरे रोझेनबोर्गवाले, म्हणजे आमच्या ट्रोंडहाइमच्या क्लबचे. सिटीची मॅच आम्ही त्यांच्याकडेच बघितली. तिसरा गोल झाल्यावर सगळे ओरडत होते आणि हे शांतपणे म्हणाले, हे आम्ही आधीच करून बसलोय. त्यांचंही बरोबर आहे बरं का. १९९२ ते २००४ सलग तेरा वेळा लीग, १९९५ पासून सलग आठ वर्षं चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये, आणि १९९६ मध्ये मिलानला त्यांच्याच सान सिरो मैदानावर जाऊन २-१ ने हरवून त्यांना स्पर्धेबाहेर काढलं. कोच निल्स आर्ने एगेन. तो वारला २०२२ च्या जानेवारीत, इथे आजही त्याचं नाव घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घेतात.

मग पुढे काय झालं? एगेननंतर एकामागून एक कोच आले, चॅम्पियन्स लीगचे पैसे होते ते खर्च झाले, चांगले प्लेयर बाहेर गेले की त्यांच्या जागी बाहेरून महागडे आणले. २०१५ ते २०१८ परत चार लीग जिंकल्या खऱ्या, पण २०१८ नंतर एकही नाही. त्यामुळे बोडोचं कौतुक करताना मला सारखं वाटतं की हेही याच रस्त्याने जाणार का. सासऱ्यांना तर तशी आशाच आहे.

निशाचर:

@सूनबाई, सासऱ्यांना नमस्कार सांगा :)

पुढचा भाग टाकतो. १९८० ला ग्लिम्ट खाली गेले ते जवळपास सगळं दशक खालीच, मधे तर तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत घसरले. मग ट्रोन सोलिएद कोच झाला, वर आले, आणि १९९३ ला वर आल्या आल्या लीगमध्ये दुसरे आणि स्ट्रोम्सगोडसेटला हरवून कप. म्हणजे १९७७ ची पुनरावृत्तीच, फक्त यावेळी कप हातात. २००३ ला परत दुसरे, कप फायनलही हरले रोझेनबोर्गकडून. २००५ ला खाली, वर, परत खाली. हा क्लब असाच होता, दहापंधरा वर्षांतून एकदा उसळणार आणि परत बुडणार. लोकांनी ते मान्य करून टाकलेलं.

त्यामुळे खरा प्रश्न सिटीला एकदा कसं हरवलं हा नाहीच. उसळी तर यांनी आधीही मारलेली. २०१९ ला दुसरे आले ती उसळी, पण त्यानंतर बुडाले का नाहीत?

२०२० चे आकडे बघा. ३० मॅच, २६ जिंकल्या, ३ बरोबरी, १ हार. १०३ गोल. ८१ पॉइंट, दुसऱ्या नंबरच्या मोल्डेला ६२. उत्तर नॉर्वेतल्या क्लबने लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ, १०४ वर्षांचा क्लब. एकटा कॅस्पर युंकर २७ गोल. मग २०२१, २०२३, २०२४.

पेठकरी:

१०३ गोल??? कोल्हापुरात सुद्धा येवढे नाही मारत कोण एका सीझनला

बरं पण कोच कोण, त्याने केलं काय ते सांगा की भावा. आकडे गूगलवर पण आहेत.

निशाचर:

कोच शेतिल क्नुत्सन. बर्गन भागातला माणूस, आधी ओसाने नावाच्या छोट्या क्लबला होता. २०१७ ला ग्लिम्टमध्ये असिस्टंट म्हणून आला, २०१८ ला हेड कोच. पहिल्या सीझनला अकरावे आले. अकरावे! आपल्याकडे दिवाळीच्या आत हाकलला असता. यांनी ठेवला.

आणि आता तो हवाई तळ. २०१७ मध्ये टीम खालच्या डिव्हिजनमध्ये असताना क्लबने ब्योर्न मान्सवर्क नावाच्या माणसाला बोलावलं. हा एफ-१६ चा फायटर पायलट, बोडोच्याच तळावरचा, अफगाणिस्तान आणि लिबियाच्या मोहिमांवर गेलेला. त्यांच्या स्क्वाड्रनने मनावर ताबा ठेवण्याचं पद्धतशीर ट्रेनिंग घेतलेलं, म्हणजे ध्यान, आणि मिशनवरून परत आल्यावर सगळ्यांनी बसून, रँक विसरून, कोण कुठे चुकलं ते उघड बोलणं. तेच त्याने फुटबॉलमध्ये आणलं.

यातून ज्या सवयी लागल्या त्या टीव्हीवर पण दिसतात. गोल खाल्ला की ग्लिम्टचे प्लेयर लगेच वर्तुळ करून उभे राहतात, अर्धा मिनिट बोलतात, मग सेंटर घेतात. कोण चुकला हे ओरडून सांगायचं नाही, पुढे काय करायचं तेवढंच. आणि दुसरं म्हणजे रिझल्टचं टारगेट ठेवायचं नाही. यंदा लीग जिंकायची, अमुक पॉइंट करायचे, असं हे लोक बोलतच नाहीत. मुलाखतीत पत्रकार खोदून खोदून विचारतात आणि हे म्हणतात आम्हाला रोजच्यापेक्षा चांगलं खेळायचंय. ऐकायला कंटाळवाणं आहे, पण नाटक नाहीये ते.

उल्रिक साल्टनेसचं उदाहरण घ्या. मिडफिल्डर. मॅचच्या टेन्शनने पोट इतकं बिघडायचं की फुटबॉल सोडायच्या विचारात होता. मान्सवर्कबरोबर बसायला लागला, राहिला. एप्रिल २०२५ मध्ये इटलीच्या लाझिओविरुद्ध युरोपा लीगची क्वार्टरफायनल, घरच्या मैदानावर २-० ने जिंकले, दोन्ही गोल साल्टनेसचे.

खडूस काका:

ध्यान करून लाझिओ हरत असती तर आमच्या सोसायटीतल्या योगा ग्रुपने वर्ल्ड कप आणला असता.

डावा_विंगर:

काका =)) पण काकांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मीडियाला फायटर पायलटची गोष्ट आवडते कारण हेडलाइन होते. मैदानावर बघितलं तर दुसरं काही दिसतं.

हे लोक ४-३-३ (चार बॅक, तीन मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड) खेळतात आणि वर्षानुवर्षं तेच खेळतात, समोर सिटी असो की गावातली टीम. बॉल गेला की तिथल्या तिथे तीन-चार जण तुटून पडतात. बॉल मिळाला की पहिला पास पुढे. बॅक, मिडफिल्डर आणि विंगर यांचे त्रिकोण एवढे पाठ झालेत की बघणाऱ्याला वाटतं आधी ठरवून ठेवलंय, आणि बहुतेक वेळा ठरवलेलंच असतं. प्रॅक्टिसमध्ये मॅचपेक्षा जास्त स्पीडने खेळवतात असं त्यांचे प्लेयर सांगतात. सिटीविरुद्ध कॅस्पर होगचे पहिले दोन गोल बघा, दोन मिनिटांच्या अंतराने आले, आणि हाउगेचा तिसरा. एकही नशिबाने मिळालेला नव्हता. रॉड्रीला रेड कार्ड मिळालं ते त्यानंतर, तेव्हा ३-१ झालेलंच होतं, त्यामुळे दहा जणांना हरवलं असं कुणी म्हणू नका प्लीज.

आणि लक्षात घ्या, नॉर्वेची लीग मार्च ते नोव्हेंबर असते. सिटीविरुद्ध उतरले तेव्हा डिसेंबरच्या डॉर्टमुंड मॅचनंतर एकही अधिकृत मॅच खेळलेले नव्हते. एवढ्या गॅपनंतर लोकांचे पाय जड होतात, यांचे झाले नाहीत.

मला सगळ्यात भारी काय वाटतं सांगू, बाहेर जाऊन फसलेले प्लेयर हे परत घेतात. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडमुळे रिकाम्या सान सिरोवर मिलानशी एकच मॅच होती, ३-२ ने हरले, पण येन्स पेटर हाउगेने गोल केला, एक बनवून दिला, आणि मिलानने थोड्याच दिवसांत त्यालाच विकत घेतला. तिथे जम बसला नाही, जर्मनी, बेल्जियम फिरला, २०२४ ला परत बोडो. पॅट्रिक बर्ग फ्रान्समध्ये लान्सला गेला, काही महिन्यांत परत. ब्योर्कान बर्लिनला जाऊन परत. एवयेन हॉलंड, डेन्मार्क करून परत. बाहेर जातात तेव्हा यांना वाटतं की आपण संपलो, इकडे येतात तर तेच त्रिकोण, तीच माणसं, दोन आठवड्यांत जुन्यासारखे खेळायला लागतात. मग सिस्टीम चांगली की प्लेयर, हा वाद घालत बसा.

ओस्लोकर:

यात अजून एक भर. पॅट्रिक बर्ग आज कॅप्टन आहे ना, त्याचा आजोबा हाराल्ड बर्ग १९७५ ची कप फायनल जिंकलेल्या टीममध्ये होता. तो त्याआधी हॉलंडमध्ये खेळून परत गावात आलेला. काका रुनार १९९३ च्या टीममध्ये. वडील ओर्यान पण ग्लिम्टचे आणि नॉर्वेचे प्लेयर. खडूस काकांनी विचारलेलं ना १९७५ चा आजशी संबंध काय, तर हा एक घ्या.

ब्योर्कान घराणं पण तसंच. वडील ओस्मुन १९९३ च्या टीममध्ये खेळले, २०१७ ला कोच म्हणून टीम वर आणली, मुलगा आता लेफ्ट बॅक.

मडगांवचो:

मस्त धागा. मला यातली इटलीची गंमत जास्त आवडते. हा क्लब आणि इटालियन टीम्स यांचं काहीतरी मागच्या जन्मीचं आहे.

१९७६ ला पहिल्यांदा युरोपात गेले, पहिल्याच राउंडला नापोली, दोन्ही मॅच हरले. १९७८ ला कपविनर्स कपमध्ये इंटर, मिलानमध्ये ५-० मार खाल्ला, घरी २-१ ने हरले. १९९४ ला सांपदोरिया, घरी ३-२ ने जिंकले पण तिकडे २-० ने हरले. २०२० मिलान वर आलंच आहे. आणि मग २१ ऑक्टोबर २०२१, रोमा. ६-१!! रोमाचा तेव्हाचा कोच मोरीन्यो, त्याच्या टीमने एका मॅचमध्ये सहा गोल खाल्ले असं त्याच्या आख्ख्या करिअरमध्ये पहिल्यांदा झालं. त्याने बरेच राखीव खेळाडू उतरवलेले हे खरं, पण सहा म्हणजे सहाच. आलेल्या चारशे रोमावाल्या चाहत्यांचे तिकिटाचे पैसे प्लेयरनी परत दिले. आता सिटीच्या प्लेयरनीही तेच केलं, ३७४ लोक होते म्हणे. बोडोला येऊन मार खायचा आणि पब्लिकचे पैसे परत करायचे ही पद्धतच पडणार बहुतेक.

रोमाने बदला घेतला मात्र. २०२२ च्या एप्रिलला कॉन्फरन्स लीगच्या (युरोपातली तिसऱ्या नंबरची स्पर्धा) क्वार्टरफायनलला बोडोने पहिली मॅच २-१ ने जिंकली, मॅच संपल्यावर बोगद्यात क्नुत्सन आणि रोमाचा गोलकीपिंग कोच यांची हाणामारी, दोघांवर बंदी, आणि रोममध्ये ४-०. नंतर रोमाने ती ट्रॉफीच जिंकली.

लाझिओ २०२५, रोममध्ये ३-१ ने हरून एकूण ३-३, पेनल्टीवर जिंकले, गोलकीपर हायकिन. नॉर्वेचा कुठलाही क्लब युरोपच्या सेमीफायनलला पोचण्याची पहिली वेळ. आणि नोव्हेंबरला युव्हेंटस, २-२ वरून शेवटच्या क्षणी २-३. तो पराभव मला अजून पचला नाहीये.

झंप्या:

टॉटनहॅम सेमीचं पण सांगा ना कुणीतरी. तिकिटासाठी मांस दिलं वगैरे वाचलेलं.

ओस्लोकर:

हो, खरं आहे ते. आस्पमिरा स्टेडियम म्हणजे जेमतेम आठ हजारांच्या वर लोक. सभासद वगैरे जाऊन बाहेर विक्रीला ४८० तिकिटं उरली आणि ऑनलाइन रांगेत पन्नास हजार लोक. म्हणजे गावाच्या लोकसंख्येएवढी रांग. एका माणसाने तिकिटाच्या बदल्यात पाच किलो रेनडिअरचं मांस देऊ केलं आणि त्याला तिकीट मिळालं पण.

मॅचचं म्हणाल तर, लंडनला ३-१ ने गेली, बर्ग आणि एवयेन दोघेही सस्पेंड होते त्या मॅचला, साल्टनेसने उशिरा एक गोल मारून आशा ठेवली, पण बोडोला टॉटनहॅमने शहाण्यासारखं खेळून २-० ने संपवलं. आणि कपही त्यांनीच नेला. नवीन मोठं स्टेडियम बांधायचा प्लॅन आहे, दहा हजारांचं. तेही लहानच, पण गावच तेवढं आहे.

खडूस काका:

प्लास्टिकच्या गवतावर बोला की जरा. कृत्रिम टर्फ, खाली हीटिंग, बाहेर शून्याखाली थंडी, वारा. समोरचे रोमहून, माद्रिदहून येणार, बॉल उडतो कसा हे कळेपर्यंत दोन गोल. हे लोक घरी वाघ. बाहेर काय केलंय?

डावा_विंगर:

काका, टर्फचा फायदा आहे, नाही कोण म्हणतंय. पण २०२२ ला सेल्टिकला ग्लासगोत ३-१ ने हरवलं ते खऱ्या गवतावर. डिसेंबरला डॉर्टमुंडमध्ये २-२. आता बुधवारी अ‍ॅटलेटिको आहे माद्रिदमध्ये. तिथे बघू.

आणि एवढं सगळं टर्फमुळेच असतं तर नॉर्वेतल्या किती तरी क्लब्जकडे टर्फ आहे. ट्रोम्सो तर यांच्याही वर आहे, १९९७ ला बर्फात चेल्सीला ३-२ ने हरवलेलं त्यांनी, आठवतंय का कुणाला? लंडनला जाऊन सात खाल्ले मग. ती एक रात्र होती, हे वेगळं आहे.

ट्रोंडहाइमची सून:

थंडीचं म्हणाल तर नॉर्वेतल्या लोकांना पण थंडी वाजते हो. इथे कुणी बर्फात बनियनवर फिरत नाही.

पेठकरी:

बघितली का रात्री!!!! अ‍ॅटलेटिको १ बोडो २. माद्रिदमध्ये!! काका कुठे आहेत

डावा_विंगर:

बघितली. आणि गंमत म्हणजे अ‍ॅटलेटिकोचा गोल सोर्लोथने केला, जो स्वतः २०१५ ला बोडोला लोनवर (उसना) खेळून गेलाय. मग श्योवोल्डने बरोबरी, होगने दुसरा.

चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात ९ पॉइंट, ३६ टीममध्ये २३ वे, पहिल्या २४ पर्यंत पुढे जायची संधी, म्हणजे यांना प्लेऑफ. पहिल्या सहा मॅचमध्ये एकही जिंकले नव्हते! प्राग, टॉटनहॅम, डॉर्टमुंडशी बरोबरी, गलातासराय, मोनॅको, युव्हेंटसकडून हार. आणि मग शेवटच्या दोनमध्ये सिटी आणि अ‍ॅटलेटिको. सहा मॅच न जिंकता कुठलीही टीम बदलली असती, फॉर्मेशन बदललं असतं, कोचवर दबाव आला असता. हे सातव्या मॅचला तसेच उतरले, तेच ४-३-३. यात मान्सवर्कचा वाटा आहे असं आता मी पण म्हणायला तयार आहे.

ट्रोंडहाइमची सून:

सोर्लोथ आमच्या ट्रोंडहाइमचा! वडील योरान रोझेनबोर्गचे मोठे स्ट्रायकर. सासऱ्यांना काल काय करावं कळेना, गोल झाला तेव्हा टाळ्या वाजवल्या, मग बोडो जिंकले तेव्हा पण वाजवल्या, मग मला सांगतात की या पॉइंट्समुळे युरोपियन रँकिंगमध्ये नॉर्वे वर जातो म्हणून वाजवल्या.

ओस्लोकर:

सासरे बरोबर बोलतायत, रँकिंगचा फायदा सगळ्यांना होतो. पण दुसरी बाजू पण लिहितो, इथे ती चर्चा जोरात आहे. चॅम्पियन्स लीगमधून येणारा पैसा आणि बाकीच्या क्लब्जचं बजेट यात आता इतकं अंतर पडलंय की पुढची दहा वर्षं एकच क्लब जिंकणार अशी भीती लोकांना वाटते. नव्वदच्या दशकात रोझेनबोर्गमुळे लीगचं जे झालं तेच.

फक्त २०२५ ला तसं झालं नाही! लीग जिंकली स्तावांगरच्या वायकिंगने, १९९१ नंतर पहिल्यांदा, ७१ विरुद्ध ७० पॉइंट, शेवटच्या दिवशी ठरलं. युरोपातल्या मॅचेसमुळे बोडोची दमछाक झाली असं त्यांचे चाहते म्हणतात, वायकिंगवाले अर्थातच तसं म्हणत नाहीत.

अवांतर: नॉर्वेतल्या प्रेक्षकांचा वेडेपणा फक्त टूथब्रशपुरता नाही. २०२४ मध्ये व्हीएआरच्या (व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासायची पद्धत) निषेधार्थ रोझेनबोर्ग-लिलेस्ट्रॉम मॅचला लोकांनी मैदानावर फिशकेक फेकले, इतके की मॅचच सोडून द्यावी लागली.

मडगांवचो:

फिशकेक फेकून दिले?? पाप लागेल हां. आमच्याकडे माशाचा तुकडा खाली पडला तरी आज्जी बोलायची.

बाय द वे प्लेऑफमध्ये समोर कोण ते ठरलं. इंटर! ४८ वर्षांनी परत इंटर. मागच्या वेळी दोन मॅच मिळून ७-१ ने हरलेले.

निशाचर:

इंटर म्हणजे गेल्या वर्षीचे फायनलिस्ट. अवघड आहे, पण अवघड कुठल्या मॅचला नव्हतं.

सूनबाईंनी वर विचारलेलं की हे रोझेनबोर्गच्या रस्त्याने जाणार का, त्यावर माझं मत लिहायचं राहिलेलं. मला धोका पैशाचा वाटत नाही, क्नुत्सनचा वाटतो. एगेनने कोचिंग सोडल्यावर रोझेनबोर्गचं जे झालं ते इथे होणार की नाही हे क्नुत्सन दुसरीकडे गेल्यावरच कळेल. गेली काही वर्षं त्याचं नाव इंग्लंड, जर्मनीच्या क्लब्जशी सारखं जोडलं जातं, अजून तरी तो हलला नाही. प्लेयर गेले, बोनिफेस, बोटहाइम, सोल्बाकन, ग्रोनबेक, वेटलेसन, मुंबान्या, जवळपास आख्खी टीम दोनदा बदलली तरी खेळ तोच राहिला. यावरून वाटतं की पद्धत क्लबच्या हाडात गेलीय. पण या सगळ्या काळात कोच एकच होता ना, त्यामुळे पुरावा काहीच नाही. आणि टारगेट न ठेवण्याची गोष्ट हरणाऱ्या क्लबला परवडते, जिंकायची सवय लागलेल्या गावाला किती दिवस परवडेल? पन्नास हजार लोकांची रांग रिझल्टसाठीच लागते.

डावा_विंगर:

+१ शेवटच्या वाक्याला. वायकिंगने एका पॉइंटने लीग नेल्यावर बोडोत किती शांतपणे घेतलं असेल शंकाच आहे.

पेठकरी:

ते सगळं राहूदे, मॅच कधी ते सांगा

निशाचर:

पहिली बोडोला, १८ फेब्रुवारी, बुधवार रात्री. आपल्याकडे गुरुवारी पहाटे दीड. सोनीवर असेल.

खडूस काका:

माद्रिदची मॅच मी हायलाइट्समध्ये पाहिली. ठीक खेळले. टर्फवरचं माझं म्हणणं कायम आहे, सान सिरोत खरं गवत आहे तिथे बोलू. पहाटे दीडला मी काही उठणार नाही, ज्याला झोप नाही त्याने स्कोअर इथे टाका, आणि कृपा करून व्हॉट्सॅपवर मासेमारवालं काही पाठवू नका.